विस्तार नामंजूर

हैदराबादेत राहायचं आणि घरातलं एकही माणूस आयटीत नाही, ही गोष्ट हिम्मतरावांना फार लागत असे. गौलीगुड्यातल्या त्यांच्या गल्लीत इस्त्रीवाल्याचा जावई आयटीत होता, दूधवाल्याची सून आयटीत होती, आणि समोरच्या यादगिरीचा मुलगा तर आयटीत जाऊन, कंटाळून, परत येऊन बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलासुद्धा होता. म्हणजे लोकांची जाऊन यायची वेळ झाली आणि आपलं अजून निघायचंच आहे! सकाळी गल्लीच्या तोंडाशी कंपन्यांच्या गाड्या थांबत, गळ्यात पट्टे घातलेली पोरंपोरी त्यांत चढत, आणि हिम्मतराव तोंडात ब्रश धरून बाल्कनीतून बघत राहत. स्वतः ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क. गळ्यात पट्टा नाही आणि न्यायला गाडीही नाही.

म्हणून त्यांची मुलगी रेणू जेव्हा म्हणाली, "बाबा, अकरावीला ऑप्शनलमध्ये आयटी घेऊ का? मला खूप आवडतं," तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी शाळेच्या कागदावर सही ठोकली. पोरगी शाळेतच आयटीत चालली, आणखी काय पाहिजे?

दुसऱ्याच दिवशी यादगिरीने त्यांना जिन्यात गाठलं. "क्या साब, बच्ची को आयटी में भेजना है तो आयटी कायकू दिलाए? एमपीसी दिलाना था ना!"

एमपीसी म्हणजे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. या शहरात मूल रांगायला लागलं की ते कुठल्या क्लासच्या दिशेने रांगतंय हे बघतात. हिम्मतरावांनी यादगिरीला अडाणी ठरवलं आणि जाणकाराचा सल्ला घ्यायला कुकटपल्लीला किशोरकडे गेले. किशोर मूळचा पुण्याचा, आयटीत चांगल्या हुद्द्यावर, एकटाच राहायचा.

"काका, खरं सांगू का," किशोर म्हणाला, "आमच्या टीममध्ये आयटी शिकलेलं कुणीच नाहीये. मी मेकॅनिकल. माझा मॅनेजर सिव्हिल. एक जण तर गुरांचा डॉक्टर आहे."

हिम्मतराव परतीच्या बसमध्ये बसले. आयटीत जायला आयटी सोडून काहीही चालतं, हे ज्ञान त्यांना सही केल्यावर झालं होतं. पण हेडक्लार्कने केलेली सही मागे घ्यायची म्हणजे काय? घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की यादगिरी आणि किशोर दोघेही जळतात.

रेणूला मात्र त्या विषयाने झपाटलं. पोरगी जेवताना बोटाने ताटात कसल्या चौकटी काढायची. आता तिच्या वर्गाचा एक नियम होता, आणि या साऱ्या रामायणाचं मूळ तिथंच आहे. अकरावीत प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा. कुठल्यातरी खऱ्या संस्थेचं खरं काम कॉम्प्युटरवर आणून द्यायचं, आणि ते वापरलं आणि नीट चाललं असं त्या संस्थेच्या प्रमुखाच्या सहीचं पत्र आणायचं. पत्र नाही तर प्रोजेक्ट नापास, आणि प्रोजेक्ट नापास तर बारावीला हा विषय बंद. स्वर्णलता मॅडमनी हे पालकसभेत तीन भाषांत सांगितलं होतं.

"मी कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याचं बिल करते ना," रेणू म्हणाली. "तो बोलला, करो बेटा."

"पाणीपुरीवाला?" हिम्मतराव ताटावरून उठायचेच बाकी राहिले. "आणि आपला संघ काय मेला?"

हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

संघ म्हणजे गौलीगुड्याचा मराठी स्नेहसंघ. हिम्मतराव त्याचे चिटणीस. दर संक्रांतीला संघाचं तिळगूळ संमेलन भरायचं, त्याची निमंत्रणं आठवडाभर पाचसात जणांनी सतरंजीवर बसून हाताने लिहायची, अशी पद्धत. या संघाची आणखी एक पद्धत होती. इतर संस्थांत आजीव सभासद म्हणजे जीव असेपर्यंत सभासद, असा अर्थ लावत असतील. इथे माणूस गेला तरी यादीतून त्याचं नाव कधी काढत नसत. नावाआधी फक्त 'कै.' लागायचं, निमंत्रण त्याच्या घरी जात राहायचं, आणि संमेलनात त्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवून पहिला तिळगूळ द्यायचा. मुलूख सोडून आलेल्या लोकांनी निदान एकमेकांना सोडू नये, असा त्यामागे विचार होता.

अध्यक्ष हणमंतराव म्हणजे निवृत्त तहसीलदार. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र भर नोकरीतला. एका लग्नपत्रिकेवर त्यांच्या नावापुढचा 'राव' गाळला होता म्हणून त्यांनी पत्रिका परत पाठवली आणि तिच्याबरोबर आलेला आहेरही. त्यांच्यापुढे हिम्मतरावांनी प्रस्ताव मांडला, की यंदा निमंत्रणं कॉम्प्युटर लिहील.

"कोण चालवणार कॉम्प्युटर?"

"आमची रेणू. आयटीत आहे."

हे वाक्य म्हणताना हिम्मतरावांना जे सुख झालं, ते पेन्शन मंजूर झाल्यावरही व्हायचं नव्हतं. हणमंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "करू द्या. पण मानमरातबात फरक पडला तर मुलाहिजा ठेवणार नाही, सांगून ठेवतो."

रेणू कामाला लागली. पोरीचं मराठी वाचन बेतासबात, शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी आणि मैत्रिणी तेलुगू. पण बसून एकेक नाव तिने कॉम्प्युटरवर चढवलं. पहिले जुने सभासद, शेवटी नवे, जशी जुनी यादी होती तस्सं. मॅडमनी सांगितलं म्हणून नावाआधीची श्री., सौ., कै., डॉ. ही अक्षरं तिने वेगळ्या उभ्या रांगेत घातली आणि नावं वेगळ्या. मग जुन्या निमंत्रणांतला मजकूर बघून तिने अशी करामत केली की समोर 'श्री.' असेल तर पत्रात आपोआप 'सपत्नीक अवश्य यावे' असं उमटेल, 'सौ.' असेल तर 'हळदीकुंकवाला यावे', आणि 'कै.' असेल तर 'यांच्या पवित्र स्मृतीस अभिवादन करून कुटुंबीयांना अगत्याचे निमंत्रण'. पडद्यावर एकामागून एक पत्रं सरकताना बघून हिम्मतरावांचे डोळे पाणावले. त्यांनी यादगिरीला मुद्दाम वर बोलावून दाखवलं.

"बाबा, 'कै.' म्हणजे काय ओ? कॅप्टन?" रेणूने विचारलं.

तिची आई तारामतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हौ, वर गेलेले कॅप्टन. अहो, तिला एकदा नीट सांगा तरी."

हिम्मतरावांनी सांगितलं. सगळं बरोबर होतं, काम चोख झालं होतं, आणि ते तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांना सुट्टी होती. रेणू शाळेत गेलेली. दुपारचं जेवण झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्या मुलीचं काम एकदा डोळे भरून बघावं. लॅपटॉप उघडला. यादी समोर आली, आणि त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. नावाआधीच्या रांगेत श्री.खाली कै., कै.खाली डॉ., मग पुन्हा श्री., मध्येच सौ., असा सगळा बाजार भरला होता. कचेरीत असं कुणी टेबलावर आणलं असतं तर त्यांनी कागद भिरकावला असता. सगळे श्री. एका ठिकाणी, सगळे कै. एका ठिकाणी, असं शिस्तीत नको का? रेणूने त्यांना रांग अक्षरानुक्रमे लावायचं बटण दाखवलेलं होतं. त्यांनी फक्त ती एक रांग निवडली आणि बटण दाबलं.

यंत्राने एक प्रश्न विचारला. मोठा अदबशीर प्रश्न होता, इंग्रजीत. शेजारच्या रांगांतही मजकूर आहे, तर निवडीचा विस्तार करायचा, की निवडलं आहे तेवढ्यावरच भागवायचं?

इथे हिम्मतरावांच्या नोकरीविषयी सांगितलं पाहिजे. विस्ताराचे जेवढे म्हणून प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आले, मग तो इमारतीचा असो, कर्मचाऱ्यांचा असो की चहाच्या वेळेचा, ते सर्व त्यांनी नामंजूर केले होते. विस्तार म्हटला की खर्च आला, चौकशी आली. आहे त्यात भागवावं, हा त्यांचा धर्म. त्यांनी क्षणभरही विचार न करता विस्तार नामंजूर केला. रांग झर्रकन शिस्तीत आली. वर सगळे कै., मग डॉ., मग श्री., खाली सौ. शेजारची नावं होती तिथंच राहिली, पण त्यांच्याकडे हिम्मतरावांचं लक्ष नव्हतं. समाधानाने त्यांनी फाईल जतन केली आणि पडी टाकली.

संध्याकाळी रेणू म्हणाली, "बाबा, प्रिंट मारायच्या आधी टेस्टिंग करायचं असतं. मॅडम बोलल्यात. चारपाच लेटर्स वाचून बघू."

"म्हणजे यंत्रावर अविश्वास? वाचूनच बघायचं तर सतरंजी काय वाईट होती?"

"वाचा की एकदा," तारामतीबाई म्हणाल्या. "वाचल्याने काय झिजतं?"

हिम्मतरावांनी दोघींनाही आयटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माणसाचा हात लागला की चूक होते. यात हातच लागत नाही. ते स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन कोठी भागातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो तेलुगू माणूस, त्याने पत्रं छापली, घड्या घातल्या, पाकिटांवर पत्ते चिकटवले, आणि हिम्मतरावांनी एकही पाकीट न उघडता सगळा गठ्ठा पोस्टात टाकला.

पहिला फोन रविवारी सकाळी आला.

"कैलासवासी हणमंतराव बोलतोय," पलीकडून आवाज आला.

हिम्मतरावांच्या हातातला चहा सांडला.

"आपलं पत्र मिळालं. माझ्या पवित्र स्मृतीस आपण अभिवादन केलंत, फार उपकार झाले. कुटुंबीयांना निमंत्रण आहे. मी येऊ की नको, त्याचा खुलासा पत्रात नाही."

पुढचे फोन घ्यायला दुसरा हात पाहिजे होता. यादीत वर होते ते सगळ्यात जुने, म्हणजे सगळ्यात वयोवृद्ध सभासद. नेमके ते एकजात कैलासवासी झाले होते. त्यांतले काही खरोखरच गेलेले होते, त्यांची पत्रं तेवढी बरोबर गेली. एका आजोबांच्या सुनेने पत्र वाचून सासऱ्यांच्या खोलीकडे धाव घेतली, तर ते पेपर वाचत बसलेले. नामपल्लीच्या एकांनी पत्राचा फोटो काढून गावी पाठवला, तर उदगीरहून त्यांची सासुरवाडी रडत निघाली आणि बीदरपर्यंत येऊन पोचल्यावर त्यांचा फोन लागला. मधले इंजिनिअर, वकील आणि एक किराणावाले डॉक्टर झाले. आणि यादीच्या तळाला असलेल्या नव्या पोरांना, म्हणजे कुकटपल्लीच्या सगळ्या आयटीवाल्यांना, हळदीकुंकवाची बोलावणी गेली. "काका, मी सौ. किशोर," किशोर फोनवर म्हणाला. "नऊवारी नेसून येऊ का?"

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडताच हिम्मतराव तिकडे धावले. अजून गेली नसतील ती पाकिटं तरी परत मिळावीत म्हणून खिडकीशी गयावया केली. आतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पेटीत पडलेलं पत्र ज्याचं नाव त्याचं असतं. परत पाहिजे तर अर्ज करा, पाठवणारे तुम्हीच याचा पुरावा जोडा, आणि प्रत्येक पाकिटाचा अर्ज वेगळा. हिम्मतरावांना वाईट याचं वाटलं की त्या जागी ते असते तर त्यांनीही अगदी हेच सांगितलं असतं.

सगळ्यांत जास्त धास्ती त्यांना एका फोनची होती. त्रिवेणीबाईंच्या. त्यांचे यजमान सुधीरराव संघाचे खजिनदार होते, चांगला हसतमुख माणूस, दोन वर्षांखाली हृदयविकाराने गेला. तेव्हापासून बाई संघात आल्याच नव्हत्या. फाईल उघडून हिम्मतरावांनी बघितलं तर सुधीररावांच्या नावाआधी ढळढळीत 'श्री.' होतं. म्हणजे गेलेल्या माणसाला पत्र गेलं होतं, सपत्नीक अवश्य यावे! हिम्मतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. त्रिवेणीबाईंचा फोन काही आला नाही, आणि त्यामुळे त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रागाला वाट पाहिजेच. ती रेणूकडे गेली.

"हे शिकवतात तुमच्या आयटीत? जिवंत माणसं मारायला? काय करायलीस तू त्या शाळेत?"

"मी बरोबर केलं होतं, बाबा! देवाशप्पथ!"

"कॉम्प्युटर खोटं बोलतो का मग? बास झालं. उद्या येतो मी शाळेत, तुझा हा विषय काढून टाकतो. हिशेब शीक, बँकेत लाग."

रेणू उठली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तारामतीबाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांचं ते बघणं हिम्मतरावांना कधीच सोसत नसे.

विषय काढायलाही जावं लागलं नसतं, तो आपोआपच निघणार होता. सहीचं पत्र मागायला रेणू हणमंतरावांकडे गेली होती. त्यांनी तिला बसवलं, लाडू दिला आणि म्हणाले, "बाळ, मयताच्या सहीला काय किंमत? उद्या तुझ्या शाळेने आक्षेप काढला तर? तुझ्या वडिलांना सांग, आधी माझा हयातीचा दाखला आणून संघाच्या दप्तरी लावा, मग सही." आता हयातीचे दाखले निघतात नोव्हेंबरात आणि तेव्हा जानेवारी चाललेला. आक्षेप कायद्याने एकदम पक्का होता, आणि तो पक्का आहे हे हिम्मतरावांइतकं कुणालाच कळत नव्हतं.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी किशोर आला. रेणूनेच त्याला बोलावलं होतं. त्याने फाईल उघडली, दोन मिनिटं खालीवर केली आणि हसायला लागला.

"हे बघा. नावं जागच्या जागी आहेत, पत्ते जागच्या जागी आहेत. फक्त ही श्री., सौ. वाली रांग कुणीतरी वेगळी सॉर्ट केलीये. म्हणजे माणसं बसलेलीच राहिली आणि टोप्या फिरल्या. रेणू, तू केलंस?"

"नाही!"

"पण असं करताना कॉम्प्युटर विचारतो. विस्तार करू का म्हणून. कुणी नाही म्हणालं?" त्याने कोपऱ्यात बोट ठेवलं. "बुधवारी दुपारी सेव्ह झालीये फाईल."

बुधवारी दुपारी रेणू शाळेत होती. हिम्मतरावांना एकदम तहान लागली. ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले. तारामतीबाई मागून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बुधवारी तुम्हीच बसला होतात ना त्याच्यापुढं?"

"हळू बोल."

"पोरगी तीन दिवस जेवली नाही धड."

हिम्मतरावांनी पेला पालथा घातला. उभ्या जन्मात त्यांच्या फाईलवर लाल शेरा पडला नव्हता. उद्या साऱ्या संघापुढे काय सांगणार? की ज्याला शिस्त लावता येते म्हणून चिटणीस केला, त्यानेच मेलेले उठवले आणि जिवंत झोपवले? आणि गप्प बसावं तर पोरीचा विषय जातो. ते बाहेर आले तेव्हा किशोर निघून गेला होता, आणि रेणू लॅपटॉप बंद करून तशीच बसली होती. ते तिच्या शेजारून सरळ बाल्कनीत गेले.

संमेलनाला एवढी गर्दी संघाच्या इतिहासात कधी झाली नव्हती. संक्रांत हा गोड बोलण्याचा सण, पण आलेला प्रत्येक जण तिखट बोलायच्या तयारीने आला होता. हणमंतराव अध्यक्षांच्या खुर्चीत न बसता पहिल्या रांगेत, कैलासवासींच्या कुटुंबीयांत, जाऊन बसले. वर या म्हटलं तर म्हणाले, "नाही, नाही. माझी जागा ठरली आहे. पहिला तिळगूळ मला द्या." त्यांचं बघून आणखी पाचसहा जिवंत कैलासवासी त्यांच्या शेजारी येऊन बसले. मागच्या बाजूला कुकटपल्लीची पोरं एकमेकांना कुंकू लावत होती.

भाषणं सुरू झाली. एकांनी आयटीमुळे संस्कृती कशी बुडाली ते सांगितलं. दुसरे म्हणाले की आमच्या वेळी अक्षर सुंदर असायचं. तिसऱ्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला, की चिटणीसांनी पोरीला हा विषय सोडायला लावावा, पोरगी अजून लहान आहे, चुकीची वाट वेळीच बदलता येते. रेणू दाराशी तिळगुळाचं ताट धरून उभी होती. ताटातल्या रेवड्या ती उगाच सारख्या करत होती, आणि त्यांचा बारीक आवाज हिम्मतरावांना व्यासपीठावर ऐकू येत होता.

ते उठले. हातातला चिटणिसाचा अहवाल त्यांनी घडी करून खिशात घातला.

"यात रेणूची चूक नाही," ते म्हणाले. "ती रांग मी फिरवली. बुधवारी दुपारी. यंत्राने मला रीतसर विचारलं होतं, की विस्तार करायचा का. मी प्रस्ताव नामंजूर केला."

हिम्मतरावांनी डोळे मिटून घेतले. आता खेटरं पडायचीच बाकी होती.

आणि टाळ्या पडल्या.

"वा!" कुणीतरी ओरडलं. "याला म्हणतात बाप! पोरीचा दोष स्वतःवर घेतला!"

"अहो नाही, खरंच मीच..."

"बोलणारच! बापाचं काळीज आहे! पण हिम्मतराव, अशाने मुलं बिघडतात बरं का."

हिम्मतराव ओरडून सांगायला लागले, तसा टाळ्यांचा जोर वाढला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी गुन्हा कबूल केला, तर कुणी तो दाखलच करून घेईना! एवढी हतबलता त्यांना पोस्टाच्या खिडकीशीही वाटली नव्हती. दाराशी रेणूने डोळे पुसले आणि ताट खाली ठेवून ती बाहेर जायला वळली.

"थांब!" हिम्मतराव म्हणाले. "लॅपटॉप आण. किशोर, हा भिंतीवरचा टीव्ही लाव."

त्या टीव्हीवर संघात फक्त क्रिकेट बघत. किशोरने तार जोडली. त्याने आदल्या संध्याकाळी परत मिळवलेली रेणूची मूळची, बरोबर असलेली यादी भिंतभर उमटली. हिम्मतराव लॅपटॉपपुढे बसले. त्यांनी एकेक गोष्ट मोठ्याने सांगत केली. ही नावं. हे हणमंतराव, बघा, श्री. आहेत. आता ही एकच रांग मी निवडली. आता हे बटण. यंत्राचा प्रश्न भिंतीवर आला. त्यांनी तो मराठीत करून सांगितला.

"आणि मी म्हणालो, नाही."

भिंतीवर हणमंतराव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वारले. त्यांच्याबरोबर अख्खी पहिली रांग गेली. बायकांच्या बाजूने "अग्गं बाई!" असा आवाज उठला.

"पुन्हा दाखवा," हणमंतराव म्हणाले.

हिम्मतरावांनी केलेलं मागे घेतलं. हणमंतराव जिवंत झाले. पुन्हा बटण, पुन्हा प्रश्न, पुन्हा नाही, पुन्हा कैलास. आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मागे कुणीतरी फस्सकन हसलं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळा हॉल हिम्मतरावांकडे बोट दाखवून हसायला लागला. ते मान खाली घालून बसून राहिले.

"यंत्राने विचारलं होतं?" हणमंतरावांनी तहसीलदारी आवाजात चौकशी केली.

"हो."

"सरळ विचारलं होतं? अदबीने?"

"हो."

"आणि पोरगी तपासून बघू म्हणाली होती का?"

"म्हणाली होती. मी नको म्हणालो."

"मग पोरीचं काम चोख आहे. गुन्हा तुमचा." हणमंतराव काठी टेकत उठले. "रेणू, ये बाळ. आण तुझं ते पत्र. मी हयात आहे, आता भिंतीवर दोनदा तपासून तसदीक झाली." त्यांनी सही केली, ठळक, 'राव'सकट. मग हिम्मतरावांकडे न बघता म्हणाले, "चिटणिसांविषयी पुढच्या बैठकीत बघू."

तिळगूळ वाटताना दाराशी त्रिवेणीबाई दिसल्या. दोन वर्षांनी. ते जाऊन हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, फार मोठा अपराध झाला माझ्याकडून. तुमच्या पत्रात..."

"अहो, नक्को," त्या म्हणाल्या. "पाकीट उघडलं तर यांचं नाव. श्री. सुधीरराव. सपत्नीक अवश्य यावे. घरात बसवेचना मग. यांना बोलावलंय म्हटल्यावर मी कसं नाही यायचं?" त्यांनी पदराच्या टोकाने नाक पुसलं. "तेवढं एक दुरुस्त करू नका."

हिम्मतरावांनी तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि दुसऱ्या हातावर आणखी एक ठेवला.

रेणूचा प्रोजेक्ट पास झाला, विषय राहिला. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने नवी दुरुस्त यादी चिटणिसांच्या मंजुरीसाठी पुढे आणून ठेवली. चिटणीसपद बैठकीत जेमतेम वाचलं होतं. हिम्मतराव बोटाने एकेक ओळ वाचत खाली उतरले आणि एका नावाशी थांबले.

"सुधीररावांच्या आधी श्री. कसं?"

"त्रिवेणीकाकू बोलल्या. मी ठेवलं." रेणू जरा घाबरून म्हणाली. "चूक आहे ना, बाबा?"

चूकच होती. दप्तरात अशी नोंद राहणं म्हणजे लाल शेऱ्याला आमंत्रण. हिम्मतरावांचं बोट बराच वेळ त्या एका अक्षरावर होतं. शेवटी त्यांनी ते उचललं.

"जैसे थे," ते म्हणाले. "असा शेरा मार."

रेणू हसली, बऱ्याच दिवसांनी. पाणी आणायला आत गेली तेव्हा हिम्मतरावांच्या मनात आलं, बाकी सगळं ठीक आहे, पण ती नावाआधीची रांग अजूनही फारच विस्कळीत दिसते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. रांग निवडली. बटण दाबलं.

पडद्यावर एक नवाच प्रश्न उघडला. मराठीत, रेणूच्या हातचा, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट: 'बाबा, वीस्तार करायचा ना?' खाली दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं 'हो'. हिम्मतरावांनी सवयीने दुसऱ्याकडे बोट नेलं. त्याच्यावरही 'हो'च लिहिलेलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात मायलेकी श्वास रोखून उभ्या होत्या. हिम्मतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच विस्ताराचा एक प्रस्ताव मंजूर केला.